भंगाराचा भाव

यंत्रें दुरुस्त करणाराच्या दुकानांत बाकाच्या कडेला घट्ट बसविलेला शेगडा पुष्कळ वाचकांनीं पाहिला असेल. समोरासमोर दोन जबडे, त्यांना जवळ आणणारें एक मळसूत्र आणि तें फिरविण्यास एक आडवा दांडा, एवढाच त्याचा संसार. तो स्वतः कांहीं घडवीत नाहीं. कानस चालते, करवत चालते, हातोडा पडतो. हा मात्र वस्तु आवळून धरतो आणि घडविणाराचे दोन्ही हात मोकळे ठेवतो. असे जुने शेगडे शोधून विकत घ्यावे, त्यांचा गंज काढावा आणि ते पुन्हा चालते करावे, असा मला छंद आहे. या छंदांत कोणाचें कांहीं जात नाहीं अशी माझी बरेच दिवस समजूत होती. ती एका खरेदीनें ढळली. त्या खरेदीनें उभा केलेला प्रश्न माझ्या छंदापुरता नाहीं, म्हणून तो वाचकांपुढें मांडण्याचें धाडस करीत आहें.

जुन्नर व आंबेगांव हे तालुके या छंदाला अनुकूल आहेत. कुकडी, मीना आणि घोड या नद्यांच्या खोऱ्यांत विहिरींवरची मोट मागें पडून ऑइल इंजिनें आलीं, तेव्हां इंजिन उघडून पुन्हा बसविणारा एखादा तरी कारागीर बाजाराच्या गांवीं हवाच झाला. आणि जेथें तो, तेथें त्याचा शेगडा. पुढें विजेचे पंप आले, सुटा भाग कानशीनें घासून जुळविण्यापेक्षां नवा आणणें सोयीचें पडूं लागलें, आणि कारागिरांचीं मुलें चाकणच्या कारखान्यांकडे वळलीं. शेगडे गोठ्याच्या कोपऱ्यांत गेले. तेथून त्यांना दोनच वाटा उरल्या: एक भंगारवाल्याची, दुसरी माझ्यासारख्या छांदिष्टाची.

चार वर्षांपूर्वीं घोडेगांवच्या पुढें भीमाशंकरच्या रस्त्यालगत एका वृद्ध कारागिराच्या घरीं मला असाच एक शेगडा दिसला. वर गंजाचा व शेणमातीचा थर. परंतु अंगठ्यानें घासतांच शेफील्डचें नांव उमटलें. चार इंची जबड्यांचा, 'रेकॉर्ड' छापाचा तो शेगडा होता. म्हाताऱ्यानें मला चहा दिला, आपल्या हातून कोणकोणतीं इंजिनें गेलीं तें सांगितलें आणि शेवटीं म्हणाला, "भंगारवाला किलोला तीस देतो. तुम्ही काय ते बघा." काट्यावर वजन १८ किलो भरलें. मीं ५४० रुपये दिले. माझ्या ओळखीचा कोणताही संग्राहक त्याचे ६००० रुपये आनंदानें देईल, हें मला त्या क्षणीं ठाऊक होतें. मी खोटें बोललों नाहीं. त्यानें विचारलें नाहीं आणि मीं सांगितलें नाहीं, इतकेंच.

पुढें तीन आठवडे मी त्या शेगड्यावर खपलों. नटांत धरून बसलेलें मळसूत्र रॉकेलांत भिजवून सोडविलें. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यांत बुडवून बॅटरीच्या मंद विद्युत्प्रवाहानें गंज उतरविला. जबड्यांच्या पोलादी पट्ट्या काढून त्यांच्यामागचा मळ खरवडला. अंग बिडाचें, म्हणजे ठिसूळ, म्हणून हातोडा कोठेंच चालविला नाहीं. हें करतांना एक गोष्ट नजरेस आली. मूळचा दांडा केव्हां तरी मोडला होता आणि त्याच्या जागीं म्हाताऱ्यानें स्वतः घडविलेला दांडा होता. निसटूं नये म्हणून त्याचीं दोन्ही टोकें तापवून, ठोकून, लिंबाएवढीं गोल केलेलीं होतीं. मीं लोखंड म्हणून तोलून आणलेल्या वस्तूंत त्याच्या हातचें काम होतें, आणि तें काट्यावर चढलेंच नव्हतें.

मन आपल्या बाजूची वकिली करण्यांत तरबेज असतें. माझ्या मनानें तीन मुद्दे मांडले. पहिला असा, कीं मी गेलों नसतों तर शेगडा भट्टींत वितळला असता. म्हणजे मीं तो वांचविला. दुसरा असा, कीं छाप ओळखण्याचें ज्ञान मीं वर्षें घालून मिळविलें. त्याचा मोबदला मला कां मिळूं नये? तिसरा असा, कीं तीन आठवड्यांचे कष्ट माझे. शेगड्याला आज जी किंमत आहे ती त्या कष्टांनीं आली.

तिन्ही मुद्दे अगदींच पोकळ नाहींत, म्हणूनच ते फसवितात. शेगडा वांचला हें खरें. पण त्याला वांचविण्यासाठीं त्याच्या धन्याला अंधारांत ठेवण्याची गरज नव्हती. कष्टांची गोष्ट तर त्याहून सरळ आहे. पुरी किंमत देऊन शेगडा आणला असता तरी तो घासण्याचे कष्ट तेवढेच पडले असते. मागाहून केलेल्या श्रमानें आधींचें मौन फिटत नाहीं. राहिला ज्ञानाचा मुद्दा, आणि खरा तंटा तेथेंच आहे.

हा तंटा फार जुना आहे. रोमचा सिसेरो यानें इसवी सनापूर्वीं ४४ सालीं कर्तव्यांविषयीं लिहिलेल्या आपल्या ग्रंथांत हुबेहूब माझीच अडचण घातली आहे: एखादा मनुष्य सोनें पितळ समजून विकूं लागला, तर सज्जनानें त्याला तें सोनें आहे असें सांगावें, कीं हजार दिनारांची वस्तु एका दिनाराला पदरांत पाडून घ्यावी? अशा व्यवहारांविषयीं स्टोइक पंथाच्या दोन आचार्यांचा मतभेदहि त्यानें नोंदला आहे. डायोजिनीसचा पक्ष असा, कीं न सांगणें वेगळें आणि लपविणें वेगळें. अँटिपेटरला हा भेद मान्य नव्हता. सिसेरोनें तोड काढली ती मार्मिक आहे. प्रत्येक मौन म्हणजे लपवणूक नव्हे. परंतु दुसऱ्यानें जें जाणणें त्याच्या हिताचें, तें आपल्या लाभासाठीं त्याला कळूं नये अशी इच्छा धरणें, ही लपवणूक. त्याच ग्रंथांत स्कीव्होला नांवाच्या गृहस्थाची हकीकत आहे. शेताची किंमत मालकानें सांगितली, तेव्हां 'माझ्या मतें तें याहून मोलाचें आहे' असें म्हणून त्यानें एक लाख सेस्टर्स वर दिले. लोक म्हणाले, हा सज्जन खरा, पण शहाणा नव्हे. चांगुलपणा आणि शहाणपणा यांची अशी फारकत सिसेरोला मंजूर नव्हती.

मला वाटतें, ज्ञानाचा मोबदला घेण्यास हरकत नाहीं. तो उघडपणें घ्यावा एवढेंच. 'बाबा, हा इतक्याचा आहे. याला नीट करण्यास मला इतके कष्ट पडतील, तेव्हां मी इतके देईन,' असें म्हणतां येत होतें. जो सौदा एवढें सांगितल्यानें मोडतो, तो ज्ञानावर नव्हे, दुसऱ्याच्या अज्ञानावर उभा असतो.

आणि हें कोणत्या मुलखांत घडलें? जुन्नरच्या लेण्यांत इसवी सनाच्या आरंभींच्या शतकांतील ब्राह्मी लेख आहेत. त्यांपैकीं एकांत बुरुडांच्या व कांसारांच्या श्रेणींकडे धर्मकार्यासाठीं द्रव्य ठेव म्हणून दिल्याची नोंद आहे. ज्यांच्या हातांत हत्यारें, त्यांच्याच हातांत लोक विश्वासानें पैसा ठेवीत. म्हाताऱ्यानेंहि 'तुम्ही काय ते बघा' म्हणून किंमत माझ्यावर सोंपविली, तीहि एक ठेवच होती. ती मीं गिळली.

एका वर्षानें मी उरलेले पैसे घेऊन त्याच्याकडे गेलों. त्यानें ऐकून घेतलें आणि एकच विचारलें, "तवा तुम्हाला ठाव होतं का?" मीं होय म्हटलें. त्यानें नोटा मोजल्या, बंडींत ठेवल्या आणि गोठ्याकडे निघून गेला. या खेपेस चहा झाला नाहीं. पैशांचा हिशेब पुरा झाला होता. दुसरा हिशेब पुरा करण्याचें साधन माझ्यापाशीं नव्हतें.

तेव्हांपासून मी भाव आधीं सांगतों आणि मग मागतों. त्यामुळें छंद महाग झाला आहे. दोनदां तर मोल कळतांच मालकानें विकण्याचा बेतच रहित केला. त्यांपैकीं एक शेगडा ओतूरकडे अजून त्याच्या धन्याच्याच ओट्यावर आहे; मळसूत्राला वर्षांतून दोनदां तरी तेल घाला, एवढें सांगून मी परत आलों.