दार बदलल्यावर तोच कोण?

वेब सर्व्हर, म्हणजे मागणी येताच संकेतस्थळाची पाने पुरवणारा प्रोग्राम, ज्या क्रमांकावर कान देऊन बसलेला असतो त्या क्रमांकाला पोर्ट म्हणतात. साध्या वेबसाठी तो ८० आणि सुरक्षित वेबसाठी ४४३ असा ठरलेला आहे. अपाची या सर्व्हरच्या फाइलमधील ‘लिसन ८०’ ही ओळ एखादी छोटी स्क्रिप्ट ‘लिसन ८०८०’ अशी बदलते आणि सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करते, तेव्हा जुनी प्रक्रिया संपून नवी सुरू झालेली असते. मग आधीचा आणि आताचा सर्व्हर एकच मानावा काय?

हा प्रश्न भारतीय दर्शनांनी ‘तोच हा देवदत्त’ या वाक्यावर चर्चिला आहे. ‘तो’मधील गतकाळ व दूरदेश आणि ‘हा’मधील वर्तमानकाळ व समोरचा देश हे परस्परविरोधी अंश सोडले की उरणारी व्यक्ती एकच, असे अद्वैत वेदान्त सांगतो, या अर्थपद्धतीला भागत्यागलक्षणा म्हणतात. त्या न्यायाने पोर्ट हा सोडून देण्याजोगा अंश ठरतो, आणि सर्व्हर चालवणाऱ्याच्या दृष्टीने हे उत्तर बरोबरही आहे.

बाहेरून येणाऱ्याचे मात्र तसे नाही. उचगावहून कोल्हापुरात अंबाबाईच्या दर्शनाला आलेला भाविक महाद्वारातून जाईल किंवा घाटी दरवाजातून, देवी एकच. परंतु किरणोत्सवात मावळत्या सूर्याचे किरण पश्चिमेच्या महाद्वारातूनच आत येतात, त्यांना दुसरी वाट नाही. औंढा नागनाथाची कथा याहून बोलकी आहे. नामदेवांना कीर्तनासाठी देवळामागे जावे लागले तेव्हा देऊळच त्यांच्याकडे फिरले, अशी श्रद्धा आहे, आणि तेथे नंदी देवळाच्या पाठीमागे आहे. देव तोच राहिला, पण ज्याने जुन्या दारावर नजर लावली होती त्याच्या वाट्याला पाठ आली. जुन्या पोर्टवर येणाऱ्या मागणीचेही हेच होते: आत सर्व्हर जिवंत असतो आणि तिला मात्र नकार मिळतो.

म्हणून आतले स्वरूप अभंग आहे एवढ्याने बाहेर दिलेला शब्द पाळला गेला, असे मानता येत नाही. पत्ता हाही एक शब्दच असतो, आणि अद्वैताच्या उत्तरात वाट पाहणाऱ्याची बाजू सुटते. अपाचीच्या फाइलमध्ये ‘लिसन’च्या दोन ओळी एकाच वेळी ठेवता येतात. स्क्रिप्ट लिहिणाऱ्याने नवी ओळ जरूर घालावी. जुनी मात्र तिच्यावर विसंबलेले सारे नव्या दाराशी येईपर्यंत पुसू नये.