तीन भाषांतला लेख

वाचन : योहान १९:१९-२२

प्रभू येशूच्या वधस्तंभावर पिलाताने लावलेला लेख इब्री, लॅटिन व ग्रीक अशा तीन भाषांत होता, असे योहान सांगतो. पिलाताचा हेतू शुद्ध होता असे कोणी म्हणणार नाही. तरी शहराजवळच्या त्या वाटेने जाणाऱ्या पुष्कळांनी तो वाचला, आणि ज्याने त्याने आपल्याला येणाऱ्या भाषेत वाचला.

बऱ्हाणपुरास गेलो असता आम्हांला या वचनांची आठवण झाली. तापीकाठच्या या शहरातील जामा मशीद फारुकी घराण्यातील राजा अलीखान याने बांधविली. तेथे अरबी लेख असावा हे साहजिकच. परंतु त्याच मशिदीत देवनागरी अक्षरांत कोरलेला एक संस्कृत लेखही आहे! आरंभी सृष्टिकर्त्याला नमस्कार, मग राजाची वंशावळ, आणि काळ शके १५११, संवत् १६४६. शिवाय तिथी, वार, नक्षत्र, घटिका, अगदी पंचांगाप्रमाणे. इसवी सनाप्रमाणे तो १५९० चा जानेवारी होतो.

आपल्या कुळाची कीर्ती सर्व प्रजेत व्हावी, हा राजाचा हेतू त्यात असणारच. पण ते नमन पाहा. डोळ्यांना न दिसणाऱ्या, नित्य असणाऱ्या ईश्वराला ते केले आहे. शब्द पंडितांच्या शास्त्रांतले, आणि ते कोरले मशिदीत! एकाच देवावरील आपली श्रद्धा सोडावी लागते असे राजाला वाटले नाही.

आपणही असे ऋणकरी आहोत. इंग्लंडात जन्मलेल्या फादर स्टीफन्स यांनी आपल्या ख्रिस्तपुराणासाठी मराठी ओवी घेतली. ते १६१६ साली गोव्यात रायतूर येथे छापले गेले. ते आपल्या पंथाचे नव्हते, पण ऋण ते ऋणच. पुढे १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी अभंग आणि कीर्तन आपल्या उपासनेत आणले. विलायती चालींना सरावलेल्या कानांना टाळ-मृदंग प्रथम कसे लागले असतील, याची कल्पना करावी. आज तीच भजने म्हणताना आपले डोळे पाणावतात.

हे सर्व लिहिताना आम्हांला एक कबुली द्यावयाची आहे. बऱ्हाणपुराकडून आमच्या मंडळीत आलेल्या कुटुंबातील एका मुलीने शब्बाथ शाळेत हिंदीत प्रार्थना सुरू केली. घरी मराठी, शाळेत हिंदी, असे तिचे बालपण गेलेले. आम्ही तिला मध्येच थांबवून म्हटले, “बाळ, येथे मराठीत प्रार्थना करावी.” ती गप्प झाली. नंतर कित्येक रविवार तिने तोंड उघडले नाही.

त्या लेखाला मुख्य याजकांनी हरकत घेतली ती मजकुराला. भाषांविषयी त्यांची काही तक्रार दिसत नाही. आम्ही तर मुलीच्या प्रार्थनेतला मजकूर ऐकलाच नव्हता. आजारी आजीसाठी ती काही मागत होती, हे तिच्या आईकडून मागाहून कळले.

बऱ्हाणपुराहून परतल्यावर आम्ही तिच्या घरी गेलो, तिची क्षमा मागितली, आणि त्या दिवशीची प्रार्थना पुरी करशील का, असे विचारले. थोडा वेळ ती आईकडे पाहत राहिली. मग तिने डोळे मिटले, आणि निम्मी हिंदीत, निम्मी मराठीत, आजीचे नाव घेऊन प्रार्थना केली. शेवटी ‘आमेन’ हा इब्री शब्द आम्ही सर्वांनी मिळून म्हटला.