दिव्यात तेल कोणाचे?

देवापुढे दिवा लावावा हे सर्वांस ठाऊक आहे. त्या दिव्यात तेल कोणाचे जळते, हे मात्र आपण सहसा विचारीत नाही. आम्हीही साठी उलटेपर्यंत विचारले नव्हते. गेल्या चैत्रात जिते गावी हा प्रश्न आमच्यापुढे येऊन उभा राहिला. जन्मभर कीर्तनात लोकांना उत्तरे सांगत आलो, पण त्या दिवशी आमच्यापाशी उत्तर नव्हते. तो प्रसंग जसा घडला तसा माळकरी बंधुभगिनींपुढे ठेवतो. त्यात चूक आमचीच आहे, हे आधीच सांगून टाकतो.

पनवेलहून पेणकडे येताना खारपाड्याला पाताळगंगेचा पूल ओलांडला की पुढे जिते लागते. रेल्वेचे ठेसनही आहे, पनवेल-रोहे मार्गावर. तेथे सप्ताहाचे कीर्तन झाले. दुसऱ्या दिवशी पहाटे काकडा आटोपून यजमानांबरोबर डोंगराच्या बाजूला फिरायला निघालो. हातात कापडी पिशवी होती. आमच्या घरी आजोबांपासून एक नेम आहे. चातुर्मासात, आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत, रात्री विठोबापुढे जो दिवा तेवतो त्यात तेल करंजाचे आणि वात रुईच्या कापसाची. दोन्ही रानातून आपल्या हाताने वेचायची. घासलेट घरोघर येण्यापूर्वी कोकणात करंजाच्या आणि उंडीच्या कडू तेलावर कितीतरी घरांची रात्र निघत असे. खायला ते तेल चालत नाही. जळायला मात्र चालते, खरजेला लावायला चालते आणि घाण्यावरची पेंड शेताला खत होते.

रुईचे काम आधी झाले. बोंड उकलले की आतून रेशमासारखा कापूस निघतो. वास्तविक तो कापूस म्हणजे बियांचे पंखच. वाऱ्यावर बसून बी दूर जावे म्हणून देवाने दिलेले. म्हणून आजोबांनी शिकवले होते की बी तिथेच मोकळे करायचे आणि कापूस तेवढा घ्यायचा. चीक डोळ्यांत जाऊ नये म्हणून जपून तसे केले, आणि मनात म्हटले, पाहा, आपण झाडाचेही काही बुडवीत नाही.

पुढे ओढ्याच्या काठी, वाटेला लागून, करंजाचे मोठे झाड होते. खाली वाळलेल्या चपट्या शेंगांचा सडा पडलेला. आणि गंमत अशी की झाडाखालची जमीन अगदी स्वच्छ. ना पालापाचोळा, ना काटेकुटे. आम्ही यजमानांना म्हणालो, “बघा, पांडुरंगाने आपल्यासाठी अंगण सारवून ठेवले आहे!” दोघांनी मिळून पिशवी गच्च भरली.

इतक्यात वरच्या वाडीकडून एक कातकरी आजी आल्या. बरोबर लहान नात, हातात खराटा आणि टोपली. पिशवीकडे बघून त्या म्हणाल्या, “बुवा, येवढं सगलं देवालाच लागतं काय?”

आम्हांस थोडा राग आला, हे कबूल करतो. विद्येचा अहंकार राग आल्याबरोबर शास्त्र शोधू लागतो. आम्ही त्यांना शास्त्रच सांगितले. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात म्हटले आहे की झाडांची मुळे-फळे, अग्नीसाठी लाकूड आणि गाईच्या घासासाठी गवत घेणे ही चोरी नव्हे. गौतमधर्मसूत्रही तसेच सांगते. आजींनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, “शास्तर आमाला ठाव नाय. पण खालची जागा मी परवा लोटली. दरसाल लोटतो आमी.”

एवढेच बोलून त्या उरलेल्या शेंगा वेचू लागल्या. नातही वेचू लागली.

ज्या स्वच्छ जमिनीबद्दल आम्ही पांडुरंगाचे आभार मानले, ती त्या म्हातारीने वाकून झाडली होती. शेंगा फोडायच्या, बिया सुकवायच्या, विकायच्या आणि त्यातून मीठमिरची आणायची. करंजाच्या बीमध्ये तेल चौथा ते तिसरा हिस्सा. म्हणजे आमच्या घरच्या दिव्याला चार महिने पुरेल एवढे तेल काढायचे तर पुष्कळ बी लागते. त्या पिशवीत त्यांचे किती दिवसांचे मीठ होते, याचा हिशेब आमच्याने करवेना.

आता शास्त्राकडे पुन्हा वळू. गौतमांनी फळांची मोकळीक दिली ती कुंपण नसलेल्या झाडांची. या अटीचा अर्थ आम्ही पाठशाळेत शिकलो होतो, पण तो समजला या झाडाखाली. कुंपण कशासाठी घालतात? हे कोणाच्या तरी श्रमाचे आहे, हे दिसावे म्हणून. ज्याची जमीन आहे तो काटे रोवतो, दगड रचतो. ज्याची जमीनच नाही तो काय रोवणार? तो खराटा फिरवतो. ती झाडलेली जागा हेच आजींचे कुंपण होते. ते डोळ्यांना दिसले असूनही आम्हांस वाचता आले नाही.

कोणी म्हणेल, “बुवा, अशाने देवाला फूलदेखील वाहता येणार नाही. प्रत्येक पानामागे कोणीतरी उभा आहेच.” शंका रास्त आहे. पण आम्ही ‘घेऊ नये’ असे म्हणत नाही. घेण्याआधी इथे कोणाचा हात लागला आहे एवढे पाहावे, असे म्हणतो. रुईचा कापूस तिथे कोणी वेचीत नव्हते, तो घेतला तर कोणाचे ताट रिकामे झाले नाही. करंजाचे तसे नव्हते. दोन्ही वस्तू रानातल्याच, दोन्ही देवासाठीच. पण एक घेणे निर्दोष आणि दुसरे सदोष. फरक झाडात नाही, माणसात आहे.

आपल्या संप्रदायात जनाबाईंच्या गोवऱ्यांची कथा सांगतात. गोवऱ्यांवरून दुसऱ्या बाईशी तिचे भांडण चालले होते. निवाडा असा झाला की ज्या गोवऱ्यांतून विठ्ठलनाम ऐकू येईल त्या जनीच्या. आम्ही ही कथा नामाचा महिमा म्हणून शेकडो वेळा सांगितली. पण इतकी मोठी संत चार गोवऱ्यांसाठी का भांडली, याचा विचार केला नव्हता. गोवऱ्या तिने वेचल्या होत्या, थापल्या होत्या, म्हणून भांडली. आणि देवही असे म्हणाला नाही की, जनी, क्षुल्लक वस्तू आहे, सोडून दे. जिचे श्रम तिची वस्तू, असाच त्याने निवाडा केला.

हा प्रसंग एका शिक्षकमित्राला सांगितला तेव्हा त्याने विलायतेतली गोष्ट सांगितली. तिकडे पूर्वी गरिबाघरी लव्हाळ्याच्या जातीच्या पाणगवताचा दिवा असे. साल सोलून आतला गाभा वाळवायचा, चरबीत बुडवायचा आणि पेटवायचा. गिल्बर्ट व्हाइट नावाच्या एका धर्मोपदेशकाने १७८९ साली छापलेल्या आपल्या पुस्तकात याचा हिशेब दिला आहे. एका फार्दिंगमध्ये, म्हणजे पाव पेनीत, गरीब कुटुंबाला साडेपाच तास उजेड मिळे. आणि ते गवत कोण वेची? थकलेले मजूर, बायका आणि मुले. हेही त्याने लिहून ठेवले आहे. तोही आमच्यासारखा धर्माचे चार शब्द सांगणारा, पण दिव्याबरोबर त्याने हात पाहिले. आम्ही इतकी वर्षे फक्त ज्योत पाहिली.

आणि दूर तरी कशाला जावे? जित्यापासून जवळच्या उरण तालुक्यात चिरनेर आहे. २५ सप्टेंबर १९३० रोजी तेथे जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला. त्या हुतात्म्यांत नाग्या महादू कातकरी यांचे नाव आहे. रानातल्या लाकूडफाट्यावर आपला हक्क आहे, एवढे म्हणण्यासाठी तेव्हा प्राण द्यावे लागले. पुढे २००६ साली वनहक्काचा कायदा झाला आणि रानात राहणाऱ्यांचा गौण वनोपजावरचा मालकीहक्क सरकारने मान्य केला. ओढ्याकाठचे ते झाड वनातले नव्हते, वाटेवरचे होते. त्याला कायदा लागू पडतो की नाही, हा वाद आम्ही घालीत नाही. कायदा पोहोचत नाही तेथे तरी माळकऱ्याचा विवेक पोहोचला पाहिजे, नाहीतर गळ्यातल्या तुळशीचा उपयोग काय?

असो. त्या दिवशी आम्ही पिशवी आजींच्या टोपलीत रिकामी केली. यजमान म्हणाले, “बुवांनी दान केले.” आम्ही म्हटले, “दान कसले? ज्याचे त्याला दिले.” आजी काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी टोपलीतून ओंजळभर शेंगा काढून पुन्हा आमच्या पिशवीत टाकल्या आणि म्हणाल्या, “हे देवाचं. बाकीचं आमचं.”

पिशवीत मघाच्याच शेंगा होत्या. मघाशी त्या न देता घेतलेल्या, म्हणजे शास्त्राच्या भाषेत अदत्त होत्या. आता दिलेल्या होत्या.

तेव्हापासून नेमात एवढाच बदल केला आहे. रुई आपण वेचतो. करंजाचे बी वाडीवरून योग्य दाम देऊन घेतो, घासाघीस न करता. आणि कमी पडले तर दिवा थोडा लवकर शांत होतो, त्याबद्दल पांडुरंगाची तक्रार अद्याप आलेली नाही. आषाढीला पंढरीस निघण्यापूर्वी आपण सर्वांनीही घरच्या दिव्याकडे एकदा या दृष्टीने पाहावे, एवढीच चरणी विनंती. रामकृष्णहरि.