पदरावरील नक्षी कोणाची?

गेल्या वर्षीं आमच्या पुतणीनें आजीच्या पेटींतील काळी चंद्रकळा बाहेर काढली आणि तिच्या पदराचें जाकीट शिवण्याचा बेत आम्हांस सांगितला. लुगडें इरकली, पदरावर धारवाडकडील कसुतीचें काम. आम्हीं अर्थातच नको म्हटलें. तिनें शांतपणें विचारलें, "काका, हें लुगडें शेवटचें कोणी नेसलें होतें?" या प्रश्नास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. जतन करणें म्हणजे न वापरणें, असें तर आम्ही मानून बसलों नव्हतों ना? प्रश्न एका पेटीपुरता नाहीं. जुन्या कशिद्याची नक्षी आज कुडत्यांवर, ओढण्यांवर, पिशव्यांवर सर्वत्र दिसते. ती तेथें नेण्याचा अधिकार कोणास, व कोणत्या अटीवर, हें ठरविणें प्राप्त आहे.

प्रथम कसुती म्हणजे काय तें पाहूं. तिचे टांके मुख्यतः चार: गवंती, मुर्गी, नेयगी व मेंथी. गवंतींत सुई धावदोरा घालीत पुढें जाते आणि परत येतांना मधल्या रिकाम्या जागा भरते. त्यामुळें रेघ दोहों बाजूंस सारखीच दिसते. कापडावर आधीं आंखणी नाहीं, दोऱ्यास गांठ नाहीं. उभे-आडवे धागे मोजावयाचे, इतकेंच. वाट चुकली कीं सुईस आरंभाकडे परततां येत नाहीं. लखनौच्या चिकनकामांत आधीं ठशानें नक्षी उमटवितात. येथें ती बाईच्या मनांत असते. गोपुर, रथ, पालखी, तुळशीवृंदावन, मोर हीं सारीं सरळ व तिरप्या रेघांचीं आहेत, याचें कारणही हेंच. नक्षी हें मोजणीचें फळ होय.

कांहीं जण म्हणतात, पदराची शोभा पदरावरच असावी. जाकिटावर रथ काढणें म्हणजे त्याची विटंबना. आम्हांस हें पटत नाहीं. ज्या कापडाचे धागे मोजतां येत नाहींत त्यावर विरळ जाळीचें कापड टांचून, त्याच्या आधारानें कसुती काढतात व मागाहून जाळीचे धागे ओढून घेतात. कापड बदललें, नियम मोडला नाहीं. परंपरा जिवंत असल्याची याहून चांगली खूण कोणती?

दुसरा पक्ष म्हणतो, नक्षी कोणाच्या मालकीची नाहीं. ज्यास हवी त्यानें ती घ्यावी. कायदाही बहुतांशीं त्याच्याच बाजूस आहे. भौगोलिक मानांकनाचा १९९९ चा कायदा २००३ पासून अमलांत आला आणि कसुतीस त्याचें संरक्षणही मिळालें. परंतु तें संरक्षण नांवाचें आहे, आकृतीचें नव्हे. नांव न घेतां कोणीं गोपुर छापलें तर तो या कायद्याचा गुन्हेगार ठरत नाहीं. स्वस्त छापील कापडाशीं आमचें वैर नाहीं. गरीब विद्यार्थिनीनेंही सुंदर वस्त्र ल्यावें. मात्र छापील किंवा यंत्राचें काम हातचें म्हणून विकलें जातें तेव्हां दोघी फसतात: घेणारी, आणि धागे मोजणारी. कायदा जेथें थांबतो तेथून नीतीचें काम सुरू होतें.

२०२५ सालीं मिलान येथें प्राडाच्या प्रदर्शनांत कोल्हापुरीसारख्या चपला मूळ स्थानाचा उल्लेख न करतां मांडल्या गेल्या. ओरड झाल्यावर कंपनीनें ती प्रेरणा भारतीय असल्याचें मान्य केलें. आपण संतापलों, तें योग्यच होतें. पण दुकानांत कशिद्याचें कापड घेतांना तें कोणाच्या हातचें, तिला किती दिवस लागले, मजुरी काय मिळाली, हें आपण कधीं विचारलें आहे काय? नांव गाळण्याचा दोष परक्याकडून घडला तर तो अन्याय, आणि आपल्याकडून घडला तर ती घासाघीस. हा न्याय सोयीचा आहे, खरा नाहीं.

म्हणून आमचें मत असें कीं, नक्षी घेणारानें तिचें मूळ सांगावें, कामाच्या वेळेप्रमाणें मोल द्यावें, आणि टांक्याचा नियम जाणून मगच बदल करावा. वारसा आकृतीचा नसतो. ती ज्या शिस्तींतून जन्मली त्या शिस्तीचा असतो.

चंद्रकळेचें अंग जागोजाग विरलें होतें. पदर तेवढा शाबूत होता. आम्हीं परवानगी दिली. कात्री चालतांना एक रथ मधोमध कापला गेला. त्याचें वाईट वाटलें, अजूनही वाटतें. पण जाकिटास अस्तर लावण्यापूर्वीं पुतणीनें पदर उलटून पाहिला आणि विचारलें, "काका, यांतली सुलट बाजू कोणती?" इतकीं वर्षें तें लुगडें आमच्या घरांत होतें, हा प्रश्न आम्हांस कधीं पडला नव्हता.