मागच्या सीटवरून दिसलेला वेग

हिंजवडीत नोकरी करणाऱ्या माणसाला वेगवान गाडीची जाहिरात नेमकी कुठे दिसावी? मला ती कंपनीच्या बसमध्ये दिसली. शुक्रवारची संध्याकाळ. फेज थ्रीहून निघालेली बस शिवाजी चौकाच्या अलीकडे पाऊण तास जवळपास एकाच जागी उभी होती. बाहेर मेट्रोचे खांब, खांबांच्या कडेनं वाट काढणारे दुचाकीवाले, आणि माझ्या मोबाइलवर एक लाल गाडी. फियाट पॅलिओ, १.६ लिटर, २००४ची. गाडी मारुंजीत होती, म्हणजे बसपासून काही किलोमीटरवर. किंमत एखाद्या महागड्या फोनच्या दुपटीहून जास्त नव्हती.

तुम्ही पंचविशीच्या आतले असाल तर हे नाव कदाचित ऐकलंही नसेल. पॅलिओ भारतात २००१मध्ये आली. ती मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात बनायची, जिथं आधी वर्षानुवर्षं प्रीमियर पद्मिनी बनत होती. पुढे फियाटचं काम पुणे जिल्ह्यात रांजणगावला आलं. जाहिरातीत सचिन तेंडुलकर असायचा. १.२ लिटरची पॅलिओ रस्त्यावर बऱ्यापैकी दिसे, १.६ मात्र क्वचित. तिची ताकद साधारण शंभर हॉर्सपॉवर. तेव्हाच्या मारुती ८००चं जुनं इंजिन होतं ३७ हॉर्सपॉवरचं.

हे आकडे मी शोधून काढलेले नाहीत. नऊ वर्षांचा असल्यापासून मला ते पाठ आहेत, कारण २००३मध्ये माझ्या मामानं ही गाडी घेतली होती. भोसरी एमआयडीसीत त्याचं छोटं वर्कशॉप होतं. लेथवर सुटे भाग करून तो मोठ्या कारखान्यांना पुरवायचा. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे आदल्याच वर्षी पूर्ण खुला झाला होता. मे महिन्यात मामा आम्हा तिघा भाचरांना मागच्या सीटवर कोंबून दादरला निघाला. कामशेतच्या बोगद्यातून बाहेर पडल्यावर त्यानं गिअर एक खाली टाकला आणि पाठ सीटला चिकटली. मी मागच्या काचेला नाक लावून मागे पडणाऱ्या गाड्या मोजत होतो. लोणावळ्यापर्यंत सत्तेचाळीस झाल्या. आयुष्यात इतका वेग मी पुन्हा कधी अनुभवला नाही, असं मला परवापर्यंत वाटत होतं.

रविवारी सकाळी एका मेकॅनिक मित्राला घेऊन मारुंजी गाठली. गाडी विकणारे काका निवृत्त, सरळ माणूस. त्यांनी काहीही लपवलं नाही, उलट पावत्यांची फाइलच समोर ठेवली. मित्र गाडीखाली सरपटला आणि तिथूनच यादी वाचू लागला. इंजिनाचे माउंट बसलेत. सस्पेन्शनचे बुश सुकून तडकलेत. पाण्याचे पाइप कडक झालेत. टायमिंग बेल्ट शेवटचा कधी बदलला त्याची फाइलमध्ये नोंद नाही. मी म्हणालो, "पण फिरलीये किती कमी!" तो खालूनच म्हणाला, "रबराला किलोमीटर कळत नाही रे, वय कळतं."

घरी येऊन हिशोब मांडला. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, त्यानंतर पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. एप्रिल २०२२पासून त्याचं शुल्क ६०० रुपयांवरून ५ हजारांवर गेलं. २०२५मध्ये वीस वर्षांहून जुन्या मोटारींसाठी ते १० हजार झालं. त्यावर पर्यावरण कर. पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, आणि त्या काळचे रबरी पाइप अन् सील त्यासाठी बनलेलेच नाहीत. फियाटच्या मोटारी भारतात आता नव्यानं विकल्या जात नाहीत, त्यामुळे सुटे भाग म्हणजे ओळखीपाळखीचा मामला. या सगळ्याची बेरीज गाडीच्या किमतीच्या पुढे गेली.

हे सगळं पैशांचं झालं. पैशांच्या प्रश्नाला उत्तर सोपं असतं: परवडतं किंवा परवडत नाही. मला अडवलं ते दुसऱ्याच गोष्टीनं.

काकांनी गाडी चालवायला दिली होती. सकाळी सातला माणकडे जाणारा रस्ता मोकळा मिळाला. गाडी खरंच छान होती. स्टिअरिंगमधून रस्ता हाताला कळत होता, आवाज थेट कानात येत होता. आजच्या गाड्या माणसाला रस्त्यापासून दूर गादीवर बसवतात, तसं हिच्यात काही नव्हतं. मी गिअर एक खाली टाकला, दाबली. इतक्यात एक पांढरी इलेक्ट्रिक टॅक्सी आवाजही न करता बाजूनं निघून गेली. तिच्या ड्रायव्हरनं माझ्याकडे पाहिलंही नाही.

तेव्हा लक्षात आलं की मला आठवत होता तो वेग गाडीत नव्हताच. तो गाडी आणि तिच्या शेजारची मारुती ८०० यांच्या मधल्या अंतरात होता. आज एक लिटरचं टर्बो इंजिनही शंभर हॉर्सपॉवर देतं. गाडी मला विकत मिळेल, पण त्या मागे पडणाऱ्या सत्तेचाळीस गाड्या कोण विकणार? आणि काचेला नाक लावलेला तो नऊ वर्षांचा मुलगा?

ही फसगत फार जुनी आहे. १६८८मध्ये बाझलच्या योहानेस होफर नावाच्या तरुण वैद्यकानं आपल्या प्रबंधात 'नॉस्टॅल्जिया' हा शब्द घडवला. 'घरी परतणं' आणि 'वेदना' या अर्थांचे दोन ग्रीक शब्द त्यानं जोडले. तो एक आजार मानला गेला, दूर देशी गेलेल्या स्विस सैनिकांना होणारा. उपाय म्हणजे घरी पाठवणं. शंभरेक वर्षांनी कांटनं या उपायाबद्दल एक मार्मिक गोष्ट नोंदवली. घरी परतलेल्यांची निराशा होते. त्यांना वाटतं, गाव बदललं. खरं म्हणजे त्यांना गाव नकोच असतं. तिथं घालवलेलं तरुणपण हवं असतं, आणि ते कुठल्याच गावात ठेवलेलं नसतं.

मराठीत आपण याला स्मरणरंजन म्हणतो. रंजन म्हणजे करमणूक, हा रोजचा अर्थ. पण त्यामागच्या संस्कृत धातूचा अर्थ रंगणं, रंग चढणं असाही आहे. म्हणजे आठवणीला रंग चढवणं हे त्या शब्दातच कबूल केलेलं आहे. प्रश्न असा की रंग चढवताना आपण काय झाकतो? इथून पुढे हा प्रश्न आवडीनिवडीचा राहत नाही, नैतिक होतो.

राजदूत ३५०चं उदाहरण घ्या. जपानी यामाहा आरडी ३५०ची ही भारतीय आवृत्ती १९८३मध्ये आली. तिच्या वेगापुढे आपल्या रस्त्यांवर उभं राहील अशी दुसरी मोटरसायकल नव्हती. ती चालली नाही. महाग होती, पेट्रोल प्यायची, आणि त्या काळच्या घरांना लिटरमागे किती पळते हे आधी बघावं लागे. काही वर्षांत ती बंद झाली. आज तिच्यासाठी लोक लाखो रुपये मोजतात आणि 'काय दिवस होते' म्हणतात. पण त्या दिवसांनीच तर तिला नाकारलं होतं! पॅलिओ १.६चीही गत फार वेगळी नाही. आपण ज्या काळासाठी झुरतो, त्या काळातल्या बहुतेकांना ही गाडी परवडत नव्हती, हे आठवणीतून आपोआप गळतं. आरएक्स १००च्या टू-स्ट्रोक धुराचा वास अजून नाकात आहे असं हळवं होऊन सांगणारे भेटतात. तो धूर दिवसभर चौकात उभ्या असलेल्या ट्रॅफिक पोलिसाच्याही नाकात जात होता. त्याचं स्मरणरंजन कुणी लिहिलेलं नाही.

त्या संध्याकाळी चिंचवडला मामाकडे गेलो. मोबाइलवर फोटो दाखवला. मला वाटलं होतं, चेहरा उजळेल. त्यानं फोटो मोठा करून पाहिला, फोन परत दिला आणि म्हणाला, "विकली त्या दिवशी सुटल्यासारखं झालं होतं बघ."

मग दोन तास तो बोलत होता. गाडी घेतली तेव्हा ऑर्डरी भरपूर होत्या. वर्षभरात एका बड्या गिऱ्हाइकानं बिलं अडकवली. कामगारांचे पगार थांबवायचे नाहीत म्हणून मामीच्या पाटल्या बँकेत गेल्या. गाडी दारात उभी आणि मामा भोसरीला स्कूटरवर, कारण पेट्रोल. "मग विकली का नाही लगेच?" मी विचारलं. तो म्हणाला, "गाडी विकली असती तर बाजारात बातमी गेली असती की हा बुडाला. उधारीवर माल कोण देणार होतं?" २००६मध्ये अखेर विकली. हप्ता किती होता, असं सहज विचारलं. त्यानं रुपयांत, शेवटच्या आकड्यापर्यंत सांगितलं. मला त्या गाडीचा नंबर पाठ होता, त्याला हप्ता.

एकच गाडी, एकच वर्षं. मी मागच्या सीटवर होतो, तो पुढे. मागच्या सीटवरून हप्ता दिसत नाही, आणि तो दिसू नये याची काळजी मामानंच घेतली होती. माझं सोनेरी बालपण हे कुणीतरी माझ्यापासून लपवलेल्या काळजीचं दुसरं नाव होतं. बहुतेक सोनेरी बालपणं अशीच असावीत. म्हणून मला वाटतं, आठवण ही आपली मालमत्ता कमी आणि उधारी जास्त असते. तिची किंमत आधीच कुणीतरी चुकवलेली असते. ते न विचारता आपण ती मिरवतो, तेव्हा त्या माणसाला दुसऱ्यांदा एकटं पाडतो.

हे गाड्यांपुरतं नाही. कंपनीतले जुने लोक सांगतात, 'दोन हजार पाचची हिंजवडी बघायला हवी होतीस, रस्ते मोकळे!' ते खरंच असेल. पण ते रस्ते आणि आमच्या काचेच्या इमारती शेतांवर उभ्या आहेत. एमआयडीसीनं जमिनी घेतल्या, काही घरांत पैसा आला, काहींत आला आणि गेला. इथले मूळचे लोक चैत्रात म्हातोबाचं बगाड निघालं की वाकडपर्यंत चालत जातात. त्यांना आठवणारी हिंजवडी आमच्या आठवणीच्याही आधीची आहे. आमचा 'मोकळा रस्ता' त्यांच्या आठवणीत 'गेलेलं वावर' असू शकतो. दोन्ही आठवणी खऱ्या. मात्र आपली सांगताना दुसरीही आहे एवढं तरी आपल्याला माहीत असावं.

मग आठवणींवर प्रेमच करू नये का? तसं मला म्हणायचं नाही. कामशेतच्या पुढचा तो आनंद खोटा नव्हता. मामालाही विचारलं, त्या दिवशी तुला मजा आली होती का? तो हसला. "आली होती की. तुम्ही पोरं ओरडत होता मागं." हप्ता खरा होता म्हणून आनंद खोटा ठरत नाही. जुन्या वस्तू जपणाऱ्या माणसांबद्दलही मला आदर आहे. सगळं भंगारात काढून दर पाच वर्षांनी नवं घेण्यात पर्यावरणाचं फार भलं आहे अशातलाही भाग नाही. नवी गाडी बनवायलाही पोलाद आणि ऊर्जा लागतेच. फक्त स्वतःला एक प्रश्न विचारावा: आठवण वजा केली तर ही वस्तू मला हवी आहे का? तिच्या आजच्या दुखण्यांसकट?

माझं उत्तर 'नाही' आलं. मला बुश बदलायला आवडत नाही, हात काळे करायला आवडत नाही, रविवारी उशिरा उठायला आवडतं. मला २००३ हवं होतं, आणि गाडी हे त्याचं फक्त पाकीट होतं.

काकांना फोन करून नाही म्हणून सांगितलं. पंधरा दिवसांनी त्यांचाच फोन आला, गाडी गेली. तळेगावच्या एका चोवीस वर्षांच्या मुलानं घेतली. तो येताना स्वतःचे पाने घेऊन आला होता, दोन तास गाडीखाली होता, आणि टायमिंग बेल्टवरून घासाघीस करून किंमत थोडी उतरवलीही. काकांनी त्याला विचारलं, तुमच्या घरी होती का कधी ही? तो म्हणाला, नाही, मी पहिल्यांदाच बसतोय.

मला बरं वाटलं. त्या गाडीवर माझ्यापेक्षा त्याचा हक्क जास्त आहे. त्याला ती कुठेही परत न्यायची नाही, फक्त चालवायची आहे. पुढच्या रविवारी मी मामाकडे जाणार आहे. पाटल्या सोडवल्या का, हे त्या दिवशी विचारायचं राहून गेलं.