हिंसेचे खेळ आणि आईबापांचा विवेक

मुलांच्या हातीं कोणते खेळ द्यावे, हा प्रश्न पूर्वीं आईबापांना फारसा पडत नसे. लाकडी तलवार मोडली कीं लढाई संपे. आतां लढाई पडद्यावर चालते, तींत रक्त दिसतें, किंकाळ्या ऐकूं येतात, आणि तिचीं सूत्रें आपल्या दहाबारा वर्षांच्या चिरंजीवांच्या हातीं असतात. हें पाहून कांहीं आईबाप भयभीत होऊन यंत्रच हिरावून घेतात. कांहीं 'पोर घरांत तर आहे ना!' म्हणून निश्चिंत राहतात. आमच्या मतें हे दोन्ही मार्ग विचार टाळण्याचे आहेत.

भय नवें नव्हे. १९९२ सालीं 'मॉर्टल कॉम्बॅट' नांवाचा व्हिडिओ गेम निघाला. पराभूत झालेल्या गड्याचें मस्तक पाठीच्या कण्यासह उपटण्याची सोय त्यांत होती! १९९३ च्या डिसेंबरांत अमेरिकेच्या सेनेटांत अशा खेळांविषयीं सुनावणी झाली, आणि १९९४ सालीं त्या धंद्यानेंच खेळांची प्रतवारी करणारें मंडळ स्थापन केलें. युरोपांत २००३ पासून वेष्टनावर ३, ७, १२, १६, १८ असे वयाचे आंकडे येऊं लागले. आपल्याकडे मार्च २०१९ मध्यें राजकोटच्या पोलिसांनीं 'पब्जी' खेळण्यास मनाई करून कांहीं तरुणांना अटकही केली. पुढें सप्टेंबर २०२० मध्यें तो खेळ देशभर बंद झाला खरा, पण त्याचें कारण चीनशीं असलेला संबंध व माहितीची सुरक्षितता हें होतें. हिंसेचा तेथें प्रश्नच नव्हता. दुसऱ्याच वर्षीं तो नवें नांव धारण करून परत आला.

शास्त्रज्ञ काय म्हणतात तेंही पाहूं. अमेरिकेंतील मानसशास्त्रज्ञांच्या प्रमुख संस्थेनें २०२० सालीं असें मत दिलें कीं, हे खेळ प्रत्यक्ष हिंसाचारास कारण होतात असें म्हणण्यास पुरेसा पुरावा नाहीं. ओरडणें, ढकलणें अशा आक्रमक वर्तनाशीं मात्र त्यांचा अल्पसा संबंध दिसतो. तेव्हां मुलगा खुनी निपजेल ही भीति सोडून द्यावी. पण मुलगा खुनी निघाला नाहीं एवढ्यावर संतुष्ट होणारे आईबाप आमच्या तरी पाहण्यांत नाहींत!

वेष्टनावरील आंकडा मुख्यतः डोळ्यांना काय दिसतें तें मोजतो. हाताकडून काय करवून घेतलें जातें आणि त्या कृत्याचें फळ काय दाखविलें जातें, याचा हिशेब त्यांत पुरता येत नाहीं. अश्वत्थाम्यानें रात्रीं निजलेल्या वीरांची केलेली कत्तल आपल्या घरोघर मुलांना सांगितली जाते. ती गाळावी असें कोणी म्हणत नाहीं. कारण त्या रात्रीमागून द्रौपदीचा आक्रोश येतो, आणि भळभळती जखम घेऊन हिंडणारा अश्वत्थामाही येतो.

आतां दोन खेळ शेजारीं ठेवूं. २०१३ सालच्या 'ग्रँड थेफ्ट ऑटो'च्या पांचव्या खेळांत रस्त्यानें जाणाऱ्या माणसाला मोटारीखालीं घालतां येतें; पोलीस पाठीस लागतात, पण कांहीं काळ त्यांची नजर चुकविली कीं पाटी कोरी. पोलंडांत तयार झालेल्या 'दिस वॉर ऑफ माइन' या २०१४ सालच्या खेळांत सैनिक होतां येत नाहीं. साराजेव्होला १९९२ ते १९९६ या काळांत पडलेल्या वेढ्यावरून तो सुचला. खेळणाऱ्याला वेढ्यांत अडकलेलीं उपाशी माणसें जगवावयाचीं असतात. रात्रीं एका वृद्ध जोडप्याचें अन्न व औषध लुटतां येतें. पण लुटणारा नंतर खिन्न होतो. पोलंडच्या शासनानें २०२० सालीं हा खेळ शाळांच्या शिफारस-यादींत घातला. युरोपांत दोहोंच्या वेष्टनावरील आंकडा एकच: १८. याचा अर्थ दुसरा खेळ बारा वर्षांच्या मुलाला द्यावा असा नव्हे. त्याचें ओझें त्या वयाला पेलणारें नाहीं. परंतु दोहोंना सारख्याच कारणानें वर्ज्य मानणें हें आंधळेपणाचें होय.

उलट 'फोर्टनाइट'वर आंकडा १२. शंभर गडी उतरतात, शेवटीं एक उरतो. रक्त नाहीं, पडलेला क्षणांत नाहींसा होतो. आमच्या दृष्टीनें हें मरण आट्यापाट्यांत बाद होण्याच्या जवळचें आहे, व त्यावर आमचा आक्षेप नाहीं. आक्षेप आहे तो कानांत बोलणाऱ्या अनोळखी सोबत्याबद्दल. तो काय बोलेल याची प्रतवारी कोणतें मंडळ करणार?

म्हणून एक तास मुलाशेजारीं बसावें. ज्या गृहस्थाला मुलाचे गणिताचे गुण तोंडपाठ असतात, त्याला मुलगा रोज दोन तास कोणाला मारतो हें ठाऊक नसावें, हें विचित्र नव्हे काय? खेळ समजत नसेल तर मुलाकडूनच शिकावा. गुरु होण्याची संधि मुलें सहसा सोडीत नाहींत. कोण मरतो, कां मरतो, पुढें काय होतें, हें सहज विचारावें. 'बाबा, तो खरा माणूस थोडाच आहे!' असें मुलगा म्हणेल, आणि त्याचें म्हणणें बरोबर आहे. पाहावयाचें तें निराळेंच: त्याला आनंद जिंकण्याचा होतो, कीं समोरच्याच्या तडफडण्याचा? तोंडावरून आणि आवाजावरून आईला हें पुष्कळदां कळतें. एखादा खेळ नाकारावयाचाच असेल तर कारण सांगून नाकारावा. 'मोठा झालास म्हणजे कळेल' हें कारण नव्हे. आणि मुलगा खरोखरच अठरा वर्षांचा झाला म्हणजे पोलंडचा तो खेळ वडिलांनीं त्याच्यासोबत खेळून पाहावा. त्या वृद्धांचें औषध घ्यावें कीं नाहीं याविषयीं बापलेकांचें एकमत होईल, असें मात्र आम्हांस वाटत नाहीं.