आठमाही बाग

पुण्याच्या कसबा पेठेतला एखादा जुना वाडा उतरवला जातो, त्या जागी सहा-सात मजले उभे राहतात, आणि माहितीपत्रकात हमखास एक ओळ येते: हवामानबदलाला तोंड देणारी, कमी पाण्याची, देशी झाडांची बाग. बाग म्हणजे पार्किंगच्या स्लॅबवर पसरलेली हात-दीड हात माती. तक्रार तिच्या आकाराबद्दल नाही. कसब्यात जागा कुठून आणणार? तक्रार त्या ओळीतल्या विशेषणांबद्दल आहे. हवामानाला तोंड देणारं, कमी पाण्याचं आणि देशी ही एकाच गोष्टीची तीन नावं आहेत, असं आपण आता इतकं धरून चाललो आहोत की त्यावर वाद घालणंही कुणाला सुचत नाही. वाद होतो तो झाड देशी की परदेशी आणि त्याला पाणी किती लागतं, एवढ्यापुरताच. पाणी कधी लागतं, हे कुणी विचारत नाही. पुण्याच्या बागेपुरतं बोलायचं तर माझ्या मते तेवढाच प्रश्न महत्त्वाचा आहे.

मुळात पुणं हे कोरडं गाव नाही. वर्षाला सरासरी ७०० ते ७५० मिलिमीटर पाऊस इथे पडतो. त्यातला तीन चतुर्थांशाहून अधिक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो, थोडा ऑक्टोबरच्या परतीच्या सरींत, आणि मग पुढचा जून उजाडेपर्यंत वळवाच्या दोन-चार सरी सोडल्या तर काही नाही. हवामानबदलाने ही विषमता वाढवली आहे. मध्य भारतातले व्यापक अतिवृष्टीचे प्रसंग १९५० नंतर सुमारे तिपटीने वाढल्याचं पाषाणच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या रॉक्सी कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिलं. त्यानंतर दोनच वर्षांनी, २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री, आंबील ओढ्याने पुणेकरांना याचा अर्थ घरात शिरून समजावला. म्हणजे आपल्या झाडाला भाद्रपदात गुडघाभर पाण्यात उभं राहता आलं पाहिजे आणि वैशाखात दगडासारख्या मातीतही जगता आलं पाहिजे. या दोन परीक्षा वेगळ्या आहेत. आपल्याकडे विकली जाणारी ‘कमी पाण्याची बाग’ फक्त दुसरीची तयारी करते.

पांढरे गोटे, घायपात, युका आणि चार काटेरी गोळे यांच्या बागेबद्दल फार लिहायची गरज नाही. झेरिस्केप, म्हणजे अशी कमी पाण्याची बाग, ही कल्पना डेन्व्हर शहराच्या पाणीखात्याने १९८१ मध्ये मांडली, आणि जिथे पुण्याच्या निम्म्याच्या आसपास पाऊस वर्षभर थोडाथोडा पडतो तिथे ती योग्यच होती. पुण्याच्या काळ्या मातीत श्रावण लागला की त्यातली निम्मी रोपं बुडापासून सडतात, आणि उरलेले गोटे उन्हाळ्यात तापून भिंती भाजतात. प्लास्टिकच्या हिरवळीविषयी तर न बोलणंच बरं.

खरा मुकाबला करायला हवा तो ‘फक्त देशी झाडं लावा’ या मताशी. कारण ते मत सज्जन माणसांचं आहे, अभ्यासूंचं आहे आणि अर्धं खरं आहे. टेकड्यांच्या बाबतीत तर ते जवळजवळ पूर्ण खरं आहे. पुण्याच्या टेकड्यांवर लावलेला गिरिपुष्प कमी पाण्यात तगला खरा, पण त्याच्याखाली गवत राहिलं नाही, आणि गवताबरोबर जे काही जगत होतं तेही गेलं. श्री. द. महाजनांसारख्या वनस्पतिशास्त्राच्या अध्यापकांनी देशी वृक्षांची ओळख मराठी वाचकाला करून दिली, हे मोठंच काम झालं. पक्षी, फुलपाखरं, माश्या यांचा हिशेब मांडला तर देशी झाडाची बाजू वरचढ ठरते, हेही मान्य. पण हा हिशेब जीवसृष्टीचा झाला. पाण्याचा हिशेब वेगळ्या वहीत मांडावा लागतो, आणि तिथे हे मत पहिल्याच पानावर अडखळतं.

सीता अशोक घ्या. त्याच्या देशीपणाबद्दल कुणाचं दुमत नसेल. पण तो सह्याद्रीच्या ओलसर जंगलातला, ओढ्याकाठचा. सोनचाफाही दमट रानातला. पुण्यात तो फुलतो तो माळ्याच्या कृपेने. सुरंगी कोकणची. ही सगळी देशी झाडं स्लॅबवरच्या दीड हात मातीत लावली तर मार्च ते जून त्यांच्यासाठी टँकर लागेल. लोणावळा इथून पासष्ट किलोमीटरवर, आणि तिथला पाऊस इथल्या पाचपटीहून जास्त. एवढ्या अंतरात पाण्याचा सगळा हिशेब उलटत असेल, तर ‘देशी’ हा शिक्का झाडाच्या तहानेबद्दल काय सांगणार?

आता उलट बाजू. चिंच मुळात आफ्रिकेची. सीताफळ अमेरिकेतलं, पण पुरंदरच्या बरड उतारांवर ते असं रुजलं की सासवडच्या शेतकऱ्याला ते परकं वाटत नाही. देवळाच्या आवारातला पांढरा चाफा मेक्सिकोकडचा. कोरफड अरबस्तानातली. यांतल्या एकालाही उन्हाळाभर रोज पाणी मागताना कुणी पाहिलेलं नाही. देशीवाद्यांना हे माहीत नसतं असं नाही. मग ते सवलती देऊ लागतात: चिंच चालेल, ती आता आपलीच झाली, चाफा चालेल, तो देवाला वाहतात, गुलमोहर मात्र नको. नियमाला इतके अपवाद करावे लागतात तेव्हा नियमच चुकीच्या गोष्टीवर बांधलेला असतो. झाडाला आपल्यात घ्यायला किती शतकं लागतात हा प्रश्न रंजक आहे, पण तो इतिहासाचा आहे. टाकीतल्या पाण्याला त्याचं सोयरसुतक नाही.

परंपरेचा दाखलाही त्यांच्या बाजूने उभा राहत नाही. पुण्याचं ग्रामदैवत कसबा गणपती. भाद्रपद चतुर्थीला गणपतीला वाहायच्या एकवीस पत्रींच्या याद्या घरोघर थोड्या वेगळ्या, पण मंडईतून आणलेला पत्रीचा वाटा सोडून पाहा: आघाडा, दुर्वा, माका, शमी, रुई, बेल, बोर, डोरली. यांतली बरीचशी माळरानाची, बांधावरची, कुंपणातली. त्यांना मुद्दाम पाणी कुणी घालत नाही. त्याच यादीत केवडा आहे, तो पाणथळीचा. आणि देवदारही आहे, तो हिमालयातला. यादी करणाऱ्यांनी मुलूख पाहिलेला दिसत नाही. निवडीत त्यांच्या डोळ्यांसमोर काय होतं हे मी ठामपणे सांगणार नाही. पण वाट्यातल्या किती वनस्पती नेमक्या त्याच पंधरवड्यात भरात असतात, हे कुणालाही मोजता येईल.

दुष्काळातून निभावण्याच्या वनस्पतींच्या रीती एकाहून अधिक आहेत, आणि इथेच आपली चर्चा उथळ ठरते. तेरडा, आघाडा यांनी पावसाळा आणि त्यानंतरचे थोडे दिवस एवढ्यात सगळं आयुष्य उरकलेलं असतं. दुष्काळ येतो तेव्हा ती बी होऊन मातीत पडलेली असतात. कळलावी, सुरण, हळद जमिनीवरचं सगळं आवरून कंदात झोपी जातात. पळस, सावर, पांगारा पानं झाडून टाकतात, आणि भर फाल्गुनात, एकही पान नसताना, फुलतात. निवडुंग आणि रुई मात्र वर उभी राहून सोसतात. रोपवाटिकांची पत्रकं यातल्या शेवटच्या रीतीलाच ‘दुष्काळ सहन करणारी’ म्हणतात. कारण ती बारा महिने दाखवता येते. पहिल्या तिन्हींत बाग काही महिने रिकामी, उघडी, वाळलेली दिसते. गिऱ्हाइकाला ते चालत नाही. उन्हाळ्यात बागेला आपण जे पाणी घालतो, त्यातलं पुष्कळसं झाडाला नको असतं. ते आपल्या डोळ्यांना हवं असतं.

महाराष्ट्राने या प्रश्नावर एकदा फार नेमका विचार केला होता. बागेसाठी नाही, कालव्यांसाठी. नीरा, प्रवरा, गोदावरीच्या कालव्यांवर उसाला बारमाही पाणी मिळत होतं आणि शेजारचे तालुके कोरडे राहत होते. अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकरांच्या समितीने १९७९ मध्ये दख्खनच्या कालव्यांवरच्या आठमाही पाणीपुरवठ्याचा अहवाल दिला. विचार साधा होता: पाणी खरीप आणि रब्बीला द्या, उन्हाळ्यात नको. उन्हाळ्यात एक एकर भिजवायला जितकं पाणी जातं तितक्यात इतर हंगामांत बरंच जास्त रान भिजतं, कारण वैशाखात निम्मं पाणी हवाच पिते. त्याआधी, १९७२ च्या दुष्काळानंतर, पुण्याचे अभियंता-उद्योजक विलासराव साळुंखे यांनी पुरंदरमधल्या नायगावात पाणी पंचायत उभी केली. तिथे पाणी जमिनीच्या एकरांवर न देता घरातल्या माणसांच्या संख्येवर दिलं गेलं, आणि उसाला बंदी राहिली. पिकाचा मुलूख यांपैकी कुणी विचारला नाही. प्रश्न होता पिकाच्या महिन्यांचा. आठमाहीचं धोरण उसाच्या राजकारणापुढे नेटाने चाललं नाही हा वेगळा दुःखद इतिहास. पण त्यातला भेद पक्का आहे, आणि बागेवरच्या आपल्या सगळ्या चर्चेत मला तोच एक कामाचा वाटतो: बारमाही आणि आठमाही.

आठमाही बाग म्हणजे आषाढापासून माघापर्यंत डवरलेली आणि नंतरचे चार महिने नळाकडे न पाहणारी बाग. त्या चार महिन्यांत ती उघडी दिसेल. दिसू द्यावी.

यावर एक आक्षेप गंभीर आहे. सावली हवी असते ती नेमकी एप्रिल-मे महिन्यांत. शहर तापत असताना उघड्या फांद्या काय कामाच्या? आक्षेप बरोबर, पण त्याचं उत्तर नळात नाही. कडुलिंब, करंज, पिंपळ यांची नवी पालवी चैत्राच्या आगेमागे, पावसाच्या पुष्कळ आधी फुटते, आणि ती खोलवरच्या ओलीवर फुटते. या झाडांना उन्हाळ्यात बादली नको, पावसाळ्यात मुरलेलं पाणी हवं. ते मुरायला जागा आपण ठेवलेली नाही. कसब्यातल्या गल्ल्यांमधून चालत गेलं तर झाडाच्या खोडाला थेट काँक्रीट भिडलेलं दिसतं. कुठे कुठे तर खोड जाड होऊन त्याने सिमेंटची कड उचललेली असते. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीत झाडाभोवतीचा एक मीटर काँक्रीटमुक्त करायला सांगितलं होतं. तेवढा एक मीटर कसब्यात दिला तर एकाही नव्या रोपाशिवाय सावलीचा प्रश्न पुष्कळ हलका होईल. स्लॅबवर मात्र खोल ओल नसते. तिथे वृक्ष लावणं म्हणजे त्याला जन्मभर टाकीला बांधणं; मग तो देशी असो की विलायती.

जुन्या वाड्यांची आठवण काढून उसासे टाकणाऱ्यांनाही एक सांगावंसं वाटतं. कात्रजहून अठराव्या शतकात आणलेलं पाणी हौदांत पडत होतं, शनिवारवाड्यात कारंजी उडत होती. त्या वैभवाला पाणी जपून वापरण्याचा धडा म्हणता येणार नाही. धडा असलाच तर तो परसात होता. अळू, कर्दळ, केळ ही बारमाही तहानेची झाडं न्हाणीच्या मोरीजवळ असत आणि वापरलेल्या पाण्यावर वाढत. विहिरीचं पाणी तुळशीला. बारमाही झाड लावू नये असं त्या व्यवस्थेने कधी म्हटलं नाही. त्याला पहिल्या हाताचं पाणी मिळणार नाही, एवढंच तिने ठरवलं होतं. १९६१ च्या पानशेतच्या पुरानंतर नळ बंद पडले तेव्हा शहर पुन्हा विहिरींकडे वळलं. आज तीही सोय कितीशी उरली आहे? आणि त्याच शनिवारवाड्याच्या जोत्यांमधून आज विलायती रीतीची हिरवळ राखली जाते. १८२८ च्या आगीतून राहिलेल्या दगडांना तिची गरज नाही.

ठिबक बसवलं की प्रश्न मिटला असं म्हणणाऱ्यांना एवढंच: ठिबकने बारमाही बाग स्वस्तात बारमाही राहते. आणि बागेचं पाणी ते किती, उसाकडे बघा, असं म्हणणाऱ्यांनी उसाला सांगतात तो नियम आधी स्वतःच्या हिरवळीला लावावा.

सोसायटीच्या सभेत बागेचा आराखडा मंजुरीला येतो, तेव्हा त्यासोबत झाडांचा तक्ता असतो. त्यात नाव, संख्या, उंची आणि देशी-परदेशी असे रकाने असतात. त्यात एक रकाना वाढवायला सांगा: मार्च ते जून या झाडाला पाणी कुठून येणार? उत्तर ‘नळ’ किंवा ‘टँकर’ असेल तर ते झाड सोनचाफा असो वा युका, तक्त्यातून खोडून टाका. उत्तर ‘न्हाणीचं पाणी’ असेल तर ठेवा. आणि उत्तर ‘लागत नाही’ असेल, तर त्याचा मूळ देश विचारत बसू नका.